भट्टीवरचे दीड वर्ष बायोडाटात लिहू का?

वाचक भगिनीचे पत्र, थोडक्यात : मी खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. एसएसएलसीपर्यंतचे (दहावीपर्यंतचे) शिक्षण मराठी माध्यमातून झाले आणि त्यानंतर बेळगावात मेकॅनिकलचा डिप्लोमा केला. निकाल चांगला लागला, पण त्याच सुमारास वडिलांना अर्धांगवायूचा झटका आल्यामुळे दीड वर्ष घरी राहावे लागले. त्या काळात मामांच्या वीटभट्टीवर हिशेब लिहिणे, गाडीत माल मोजून भरून घेणे, तडकलेल्या विटा बाजूला काढणे अशी कामे केली. नंतर दोन मुलाखती दिल्या. पहिल्या ठिकाणी हातात व्हर्नियर (बारीक माप घेण्याचे साधन) देऊन एका शाफ्टचा, म्हणजे यंत्राच्या गोल दांड्याचा, व्यास मोजायला सांगितला. हात थरथरू लागल्यामुळे मी अंदाजाने आकडा सांगितला आणि तो चुकला. हुबळीतल्या दुसऱ्या मुलाखतीत साहेब भरभर कन्नडमध्ये बोलत होते. निम्मे कळले नाही, तरी मी मान डोलावत राहिले. दोन्हीकडून पुढे काही कळवले नाही. आता बेळगावजवळच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एका फौंड्रीत (धातूचा रस साच्यात ओतून भाग बनवणाऱ्या कारखान्यात) क्वालिटी इन्स्पेक्टर ट्रेनीच्या जागेसाठी बोलावणे आले आहे. मुलाखतीच्या तयारीचा क्लास घेणारे सर सांगतात की भट्टीचा उल्लेख नको, त्या काळात स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करत होते असे लिही. ‘कन्नड उत्तम’ असेही लिही. आणि इंग्रजीतली ठरावीक प्रश्नोत्तरे पाठ कर. मराठी माध्यम आणि खेडेगाव हे दोन शिक्के लपवायचे कसे आणि मुलाखतीत वागायचे कसे, हे सांगावे.

उत्तर : तुमच्या दोन्ही मुलाखतींचे वर्णन मी लक्षपूर्वक वाचले, आणि मराठी माध्यमामुळे किंवा खेड्यामुळे नोकरी हुकल्याचा पुरावा मला त्यात कुठेही सापडला नाही. पहिल्या ठिकाणी भाषेचा प्रश्नच आला नव्हता. तिथे तुम्ही न मोजता आकडा सांगितलात. दुसऱ्या ठिकाणी भाषा अडली हे खरे, परंतु त्याहून अधिक नुकसान झाले ते न कळलेल्या गोष्टीला मान डोलावल्यामुळे, कारण तुम्हाला कळले आहे असे धरून समोरच्याने पुढचा प्रश्न विचारला असणार आणि तुमचे उत्तर भलतीकडेच गेले असणार. दोन्ही प्रसंगांत एकच गोष्ट घडली आहे : येत नाही हे दिसू नये म्हणून तुम्ही येते असे दाखवले. आणि आता तिसऱ्या मुलाखतीसाठी तुम्हाला जो सल्ला मिळाला आहे, तो हेच आणखी मोठ्या प्रमाणावर करण्याचा आहे.

ज्या जागेसाठी तुम्ही जात आहात ती कोणती आहे याचा क्षणभर विचार करा. इन्स्पेक्टरने ‘हा माल बरोबर आहे’ असे म्हणून सही केली की तो पुढे जातो, आणि सही केली नाही की थांबतो. उत्पादन विभागाचा माणूस घाईत असतो, गाडी फाटकात उभी असते, आणि तरीही ‘थांबा, मला पुन्हा मोजू द्या’ असे म्हणण्याची धमक त्या खुर्चीवरच्या माणसात असावी लागते. म्हणून या जागेसाठी मुलाखत घेणारा अनुभवी माणूस तुमचे इंग्रजी किती सफाईदार आहे हे दुय्यम मानतो. तुम्ही जे सांगता त्यावर विसंबून माल पाठवता येईल का, हे तो पाहत असतो. मी काही काळ टेबलाच्या त्या बाजूला बसलेली आहे, आणि ‘सर, हे मला माहीत नाही’ असे स्वच्छ सांगणाऱ्या उमेदवाराच्या नावापुढे फुली पडलेली मी क्वचितच पाहिली. ठोकून दिलेल्या उत्तरावर मात्र फुली हमखास पडते.

व्हर्नियरची भीती मात्र घालवलीच पाहिजे, आणि ती सरावानेच जाते. आपल्या डिप्लोमाच्या कॉलेजात जाऊन प्रयोगशाळेच्या सरांना विनंती करा. माजी विद्यार्थ्याला तासभर बसू द्यायला सहसा कोणी नाही म्हणत नाही. नेहमीच्या व्हर्नियरचा लीस्ट काउंट, म्हणजे त्याने मोजता येणारे सर्वांत लहान माप, ०.०२ मिमी असतो. वस्तू धरण्याआधी दोन्ही जबडे स्वच्छ पुसावेत, ते मिटून शून्यावर शून्य येते का ते पाहावे, आणि येत नसेल तर तसे मोठ्याने सांगावे. समजा मुख्य पट्टीवर २४ मिमी दिसतात आणि व्हर्नियरची सतरावी रेघ जुळते, तर १७ गुणिले ०.०२ म्हणजे ०.३४, आणि माप झाले २४.३४ मिमी. आता ड्रॉइंगवर २४.३० अधिक-उणे ०.०५ असे लिहिलेले असेल तर २४.२५ ते २४.३५ ही मर्यादा झाली आणि तुमचा भाग पास झाला. पण तो अगदी काठावर पास झाला आहे, आणि खरी परीक्षा इथे आहे. घाईचा उमेदवार ‘पास’ म्हणून शाफ्ट खाली ठेवतो. जाणता उमेदवार शाफ्ट फिरवून दुसऱ्या दिशेने मोजतो, दोन्ही टोकांना मोजतो आणि म्हणतो, ‘सर, माप मर्यादेच्या अगदी जवळ आहे, मायक्रोमीटर (याहून बारीक मोजणारे साधन) मिळाला तर ०.०१ पर्यंत पाहून सांगते.’ हे वाक्य मोडक्या इंग्रजीत सांगा, मराठीत सांगा किंवा अडखळत कन्नडमध्ये सांगा, त्याचे वजन तेवढेच राहते. हात थरथरला तर थरथरू द्या. ‘एक मिनिट द्या, पुन्हा वाचते’ असे म्हणणे या कामात कमीपणाचे धरले जात नाही.

त्याचबरोबर कास्टिंगमधले, म्हणजे ओतीव भागांमधले, नेहमीचे दोष नावाने आणि कारणासह सांगता आले पाहिजेत. वायू आत अडकून राहिला की ब्लो होल पडतो. धातू थिजताना आकसतो आणि ती तूट भरून काढायला रस पुरला नाही की श्रिंकेज होते. रसाचे दोन प्रवाह थंड होत येऊन भेटले आणि एकजीव झाले नाहीत की कोल्ड शट दिसतो. साच्याची वाळू सुटून आत गेली की सँड इन्क्लूजन. एवढे चार दोष आणि ते डोळ्यांनी कसे ओळखायचे, हे ज्या भाषेत तुम्हाला सहज येते त्या भाषेत आधी पक्के करा आणि मग त्याचे सोपे इंग्रजी करा. इंग्रजीतून पाठ करून मागून समजून घेण्याच्या उलट्या प्रवासात डिप्लोमाची मुले फार अडकतात.

आता भट्टीविषयी. तुम्ही ज्या दीड वर्षाला लाजता आहात, ते माझ्या मते तुमच्या बायोडाटातले सर्वांत उपयोगाचे दीड वर्ष आहे. नीट भाजलेली वीट दुसरीवर आपटली की खणखणीत वाजते आणि तडकलेली बद्द वाजते, हे भट्टीवर वावरणाऱ्या कोणालाही शिकवावे लागत नाही. तुम्ही माल निवडत होता म्हणजे हे हजारदा केले असणार. फौंड्रीतही कास्टिंगवर हलकी हातोडी मारून आवाजावरून तडा ओळखण्याची पद्धत आहे. तुम्ही माल निवडलात, गाडीत किती गेला आणि किती परत आला याची नोंद ठेवलीत, आणि कमी भरले म्हणून गाडीवाल्याशी वादही घातला असेल. क्वालिटी विभागाचे काम याहून फार वेगळे नाही. मामांची भट्टी असली तरी काम ते कामच. बायोडाटात अतिशयोक्ती न करता लिहा : ‘घरगुती कारणामुळे दीड वर्ष गावी, त्या काळात नातेवाइकांच्या वीटभट्टीवर मालाची निवड, मोजणी व हिशेब.’ मुलाखतीत विचारले तर वडिलांच्या आजाराचे एका वाक्यात सांगा आणि लगेच कामावर या. आजारपणाची हकीकत लांबवली की समोरच्याला काय बोलावे ते सुचत नाही आणि मुलाखतीचा सूर बिघडतो.

स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करत होते असे लिहिलेत तर पुढचा प्रश्न ठरलेला आहे : कोणती परीक्षा, कितवा प्रयत्न, किती गुण? तिसऱ्या प्रश्नाला बनाव उघडा पडेल, आणि खोटे बोलणारी व्यक्ती तपासणीच्या खुर्चीवर बसवायला कोणीही तयार होणार नाही. क्लासच्या सरांचा हेतू वाईट असेल असे मला वाटत नाही. पण त्यांच्यापुढे विमा, बँक, कॉल सेंटर, कारखाना असे सगळ्या तऱ्हेचे उमेदवार एकाच वेळी बसतात, आणि सगळ्यांना चालेल असे उत्तर कोणालाच नीट बसत नाही. ‘मायसेल्फ’ने सुरू होऊन ‘माझा दोष म्हणजे मी फार परिपूर्णतावादी आहे’ येथे संपणारे ते भाषण मुलाखत घेणाऱ्याने त्याच सकाळी आधीच्या उमेदवारांकडून ऐकलेले असते. क्लास सोडा असे मी म्हणत नाही. तिथे चारचौघांत बोलण्याचा सराव होत असेल तर तेवढ्यासाठी जरूर जा. पाठांतर मात्र स्वतःविषयीच्या पाच-सहा वाक्यांपुरते ठेवा, आणि ती वाक्ये तुमची तुम्हीच लिहा : नाव, गाव, शिक्षण, डिप्लोमातला प्रकल्प, भट्टीवरचे काम, आणि ही जागा का हवी आहे.

कन्नडच्या बाबतीत तुमची भीती मला समजते, कारण सीमाभागात भाषा ही साधी गोष्ट राहिलेली नाही. पण तुम्ही कर्नाटकात शिकला आहात, शाळेत कन्नड हा विषय होता, तुम्हाला वाचता येते आणि सावकाश बोलले तर समजते. हे काही कमी नाही. बायोडाटात लिहा : मराठी, मातृभाषा, कन्नड, वाचता-लिहिता येते, बोलण्याचा सराव सुरू, इंग्रजी, तांत्रिक वाचन आणि लेखन. ‘उत्तम’ लिहिलेत तर पहिलाच प्रश्न कन्नडमध्ये येईल आणि तो सोपा नसेल. जे लिहिले आहे तेवढे नक्की येते अशी खात्री असली की बसण्यातही फरक पडतो. नमस्कार कन्नडमध्ये करा. समोरचे भरभर बोलू लागले तर ‘सर, स्वल्प निधानवागी हेळी’ (थोडे सावकाश सांगा) एवढे म्हणा, आणि तरीही अडले तर ‘हे मी हिंदीत सांगितले तर चालेल का?’ असे विचारा. उद्यमबागेत एकाच पाळीत मराठी, कन्नड आणि हिंदी या तिन्ही भाषा ऐकू येतात. त्यामुळे त्यांना वक्ता नको असतो, कामाचे बोलणे न अडणारा माणूस हवा असतो. रुजू झाल्यावर सहा महिन्यांत कन्नड सुधारीन असे म्हणायचे असेल तर मनात तसे असेल तरच म्हणा.

एखादा मुलाखतकार सीमाप्रश्नावर तुमचे मत विचारील. असे प्रश्न विचारू नयेत, पण विचारले जातात, आणि बहुतेकदा तुम्ही भडकता की गोंधळता एवढेच त्यांना पाहायचे असते. तुमचे मत काहीही असो, ते मांडण्याची ही जागा नव्हे, आणि ते नाकारण्याचीही गरज नाही. ‘महाराष्ट्राने २००४ साली दाखल केलेला दावा सर्वोच्च न्यायालयात आहे, कामावर मात्र सोबतच्या माणसाला समजेल त्या भाषेत बोलायचे एवढे मी पाळीन’ असे शांतपणे सांगा आणि थांबा. मुलगी शॉप फ्लोअरवर कशी टिकेल, लग्न कधी करणार, हेही प्रश्न येतील. पहिल्याला भट्टीवरच्या उन्हाचे आणि धुळीचे उत्तर तुमच्याजवळ तयारच आहे. दुसऱ्याला ‘सध्या काही ठरलेले नाही, आणि पाळ्यांची वेळ मला आधी कळली तर घरची व्यवस्था मी करू शकते’ असे म्हणून संभाषण पाळ्यांकडे वळवा. त्यावरून रात्रपाळी आहे का आणि घरी सोडण्याची सोय आहे का, हे तुम्हालाही विचारता येते.

कागदपत्रांकडे मात्र आजच बसून पाहा, कारण आपल्या भागात यात नेहमीचा घोळ असतो. एसएसएलसीच्या मार्क्सकार्डावर नावापुढे आद्याक्षरे, आधार कार्डावर नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव, डिप्लोमाच्या मार्क्सकार्डावर गावाच्या नावाचे तिसरेच स्पेलिंग, अशी गत पुष्कळांची असते. हे आदल्या रात्री लक्षात आले तर काही करता येत नाही. फरक किरकोळ असेल तर तो स्वतःहून सांगावा, आणि मोठा असेल तर प्रतिज्ञापत्र करून ठेवावे. सर्व मूळ कागद एका फाइलमध्ये सत्रांच्या क्रमाने, झेरॉक्सचे दोन संच वेगळे, आणि बायोडाटा एकाच पानाचा. मूळ मार्क्सकार्डे दाखवावीत, परंतु ‘ठेवून जा’ असे म्हटले तर नम्रपणे झेरॉक्स द्याव्यात. मूळ कागद अडकवून ठेवणाऱ्या ठिकाणी नोकरी सोडतानाही त्रास होतो.

प्रवासाचे म्हणाल तर उद्यमबाग तुम्हाला बेळगाव शहरात शिरण्याआधीच, खानापूर रस्त्यावर पिरनवाडी ओलांडली की लागते. पण वसाहतीच्या आतल्या गल्ल्यांत नेमके फाटक सापडायला वेळ जातो, म्हणून जमल्यास आधी एकदा जाऊन पाहून या. जून २०२३ पासून कर्नाटकातल्या महिलांसाठीच्या शक्ती योजनेमुळे सरकारी साध्या बसमध्ये तुम्हाला तिकीट पडत नाही, पण सकाळच्या बसला पाय ठेवायला जागा नसते. नेहमीच्या हिशेबापेक्षा एक बस आधीची धरा आणि आधार कार्ड हाताशी ठेवा. पावसाळा असेल तर चपला-बूट आणि फाइल दोन्हींचा विचार करावा लागेल, हे खानापूरकरांना मी सांगायला नको. कपडे स्वच्छ, इस्त्रीचे आणि वावरायला सोयीचे असावेत. कारखाना दाखवायला नेण्याची शक्यता असते, त्यामुळे ओढणी पिनेने बसवलेली आणि केस बांधलेले असावेत. फिरत्या यंत्राजवळ या दोन गोष्टी तुम्ही स्वतःहून सांभाळता हे पाहणाऱ्याच्या नजरेतून सुटत नाही.

फाटकावरच्या वॉचमनशी आणि रजिस्टर लिहिणाऱ्या कारकुनाशी तुम्ही कसे बोलता याचीही चर्चा आत पोहोचते. मोबाइल फाटकाबाहेरच बंद करा. आत गेल्यावर ‘बसा’ म्हणेपर्यंत थांबा, प्रश्न पूर्ण होऊ द्या, आणि तिघे बसलेले असतील तर ज्याने प्रश्न विचारला त्याच्याकडे पाहून उत्तर द्या. समोरच्याने तुमची चूक काढली आणि ती खरी असेल तर मान्य करून पुढे व्हा. ती खरी नसेल तर ‘मी असे शिकले आहे, पण पुन्हा पाहीन’ एवढे पुरे.

शेवटी तुम्हाला काही विचारायचे आहे का असे म्हणतील, तेव्हा ‘नाही सर’ म्हणून उठू नका. ट्रेनीचा कालावधी किती, त्यानंतर कायम करण्याची पद्धत काय, पहिले काही महिने कोणाच्या हाताखाली काम असेल, हे विचारण्याचा तुम्हाला अधिकार आहे. पगाराचा आकडा सांगितला तर तो हातात येणारा की कापण्याआधीचा हे विचारून घ्या : पीएफसाठी (भविष्य निर्वाह निधीसाठी) मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या १२ टक्के कापले जातात, आणि पगार दरमहा २१,००० रुपयांपर्यंत असेल तर ईएसआयचे (कर्मचारी राज्य विम्याचे) ०.७५ टक्के. ईएसआय असेल तर आईवडील तुमच्यावर अवलंबून असल्याची नोंद करून त्यांच्या औषधपाण्याचीही सोय होऊ शकते, म्हणून तुमच्या घरच्या परिस्थितीत हा प्रश्न आवर्जून विचारा. बाँडवर (ठरावीक काळ नोकरी न सोडण्याच्या करारावर) सही करायला सांगितली तर तो घरी नेऊन वाचण्याची परवानगी मागा.

अशा प्रकारची पत्रे लिहिणाऱ्या इतर वाचकांसाठी दोन गोष्टी. केंद्र सरकारच्या कनिष्ठ पदांसाठी १ जानेवारी २०१६ पासून मुलाखतच नाही, आणि स्टेट बँकेच्या क्लार्क भरतीतही नाही. बँकेत स्थानिक भाषेची चाचणी असते, आणि दहावी किंवा बारावीला ती भाषा शिकल्याचे मार्क्सकार्ड असेल तर त्या चाचणीतून सूट मिळते. मराठी शाळेतल्या ज्या कन्नड विषयाचा कंटाळा केला, त्याचे गुणपत्रक जपून ठेवा. आणि जे पुण्या-कोल्हापूरकडे मुलाखतीला जातात त्यांना ‘तुम्ही कर्नाटकातले ना?’ असा उलटा प्रश्न ऐकावा लागतो. तिथेही एसएसएलसी म्हणजे दहावी, पीयूसी म्हणजे बारावी हे न चिडता समजावून सांगावे, आणि कन्नड येते ही जमेची बाजू म्हणून मांडावी, कारण त्यांचा माल बेळगाव-हुबळीलाही येतो.

मुलाखत झाल्यावर निकाल साधारण कधी कळेल ते निघतानाच विचारा. त्या तारखेनंतर दोन दिवस थांबून एक फोन करा, आपले नाव, जागा आणि मुलाखतीची तारीख सांगून चौकशी करा. रोज फोन करू नका. दरम्यान मच्छे आणि होनगा वसाहतीतल्या कारखान्यांतही अर्ज टाका. आणि हुबळीच्या त्या कंपनीलाही एकदा विचारून पाहा, कारण न कळवणे म्हणजे नकारच असतो असे नाही; पुष्कळदा फाइल कोणाच्या तरी टेबलावर तशीच पडून असते.